आतल्या खोलीतली ओल

फ्लॅट नं. ३, तुळजाई पार्क, मांजरी
९ डिसेंबर २०२४

मा. अध्यक्ष, तुळजाई पार्क गृहरचना संस्था, यांस,
म्हणजे संपतराव, तुम्हालाच.

सलाम.

तुम्ही माझ्यापेक्षा दोन मजले वर राहता. मी खिडकीतून जोरात हाक मारली तर तुमच्या हातातला चहा सांडेल, एवढंच अंतर. तरी पत्र लिहितोय, कारण आपले सेक्रेटरी विक्रम म्हणाले, "अंकल, तोंडी तक्रार म्हणजे गप्पा. रिटनमध्ये द्या." वॉचमनच्या टेबलावर त्यांनी आवक-जावकची वही ठेवली आहे, शेजारी शिक्का. फक्त शाईचं पॅड वाळलं आहे. या इमारतीत वाळलेली तेवढी एकच वस्तू.

तक्रार अशी. आमच्या आतल्या खोलीत ओल आली आहे. पाऊस कधीच गेला, दिवाळी झाली, आणि नोव्हेंबरच्या मध्यावर भिंतीला घाम फुटला. मग बुरशी. पस्तीस वर्षं मी मार्केट यार्डात फळांचा गाळा चालवला, बुरशी मला नवी नाही. मोसंबीवर येते तीच ही. पहिल्या दिवशी पिठासारखी, आठवड्याने हिरवी, मग काळी. पेटीतलं नासकं फळ उचलून फेकता येतं, खोली फेकता येत नाही, एवढाच फरक.

यार्डात पेटीवर तारीख टाकायची सवय. तशी मी बुरशीच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारून तारीख टाकतो. १४ नोव्हेंबरची रेघ माझ्या गुडघ्याला होती. आजची छातीला आहे.

रझियाचा दमा तुम्हाला माहीत आहे. तिचे गुडघे आणि तिचा दमा, या दोघांच्या सोयीसाठी आम्ही भवानी पेठ सोडून इथे तळमजल्यावर आलो. तुम्हीच म्हणालात, "शेठ, आमच्या रानात राहायला या, भाभींना वारा मिळंल." तुमच्या रानावर इमारत झाली, आम्ही आलो. आता आठवड्यातून दोनदा पंप ओढणारी बाई दिवसातून सहा वेळा ओढते. डॉक्टरांनी विचारलं, "घरात ओल आहे का?" मी "नाही" म्हणालो. स्वतःच्या घराची लाज वाटणं हा या वयात नवीनच अनुभव.

दिवाळीआधी आपण इमारतीला बाहेरून गिलावा करून रंग दिला. फिकट पिस्ता. रस्त्यावरचे लोक थांबून पाहतात. तोच रंग आता मला आतून फुकट मिळाला आहे, तेवढं कुणीतरी येऊन पाहून जावं.

आपला,
इम्तियाज बागवान

ता. क. मातोश्री तुळजाबाईंना सलाम सांगा. इमारतीवर त्यांचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत आहे, की बुरशीलाही पत्ता विचारावा लागला नाही.


तुळजाई पार्क गृहरचना संस्था
जा. क्र. ४७, दि. २० डिसेंबर २०२४

विषय: आपल्या सदनिकेतील कथित ओलीबाबत.

महोदय,

आपला अर्ज मिळाला. त्यावर कमिटीने सखोल विचार केला. सदर ओल आपल्या सदनिकेच्या आत असल्याने ती आपली आहे. ती वरून येत असल्यास वरच्या सभासदाची, बाहेरून येत असल्यास संस्थेची व बांधकामातच असल्यास बिल्डरची राहील. मात्र बिल्डरची पाच वर्षांची जबाबदारी गेल्या जुलैत संपली असल्याने ती बांधकामात नसावी. तसेच संस्थेने नुकत्याच दिलेल्या रंगास सात वर्षांची वॉरंटी असल्याने ती बाहेरून येऊ शकत नाही.

आपण खिडक्या बंद ठेवता व आपल्याकडे दिवसातून अनेक वेळा पाणी वापरले जाते, असे काही सभासदांचे निरीक्षण आहे. तरी आपण आपली जीवनशैली तपासावी.

वरच्या सभासद श्रीमती श्यामला यांचे बाथरूम तपासणीसाठी फोडण्याचे योजिले आहे.

आपला विश्वासू,
संपत झांबरे, अध्यक्ष


फ्लॅट नं. ३
२३ डिसेंबर २०२४

संपतराव,

जा. क्र. ४७ मिळाला. सही तुमची आहे, भाषा तुमची नाही. "योजिले" म्हणणारा माणूस पेरू विकू शकत नाही.

पाण्याबद्दल बोलू. "अनेक वेळा" म्हणजे पाच वेळा, आकडा लिहायला लाजायचं कारण नव्हतं. नमाजाआधी वुजूला, म्हणजे हातपाय-तोंड धुवायला, मी एक तांब्या पाणी घेतो. ते मोरीत पडतं. तिथून उठून, हॉल ओलांडून, सोफ्याला वळसा घालून आतल्या खोलीत जायचं आणि छातीपर्यंत चढायचं, म्हणजे ते पाणी माझ्यापेक्षा जास्त नमाजी असलं पाहिजे.

काल श्यामलाबाईंचं बाथरूम फोडलं. खाली बिस्किटासारखं कोरडं. आता त्या बाई आंघोळीला बहिणीकडे जातात आणि त्यांचा पक्का समज आहे, की हे मी करायला लावलं. रझियाला त्या रोज सकाळी कुंडीतला कढीपत्ता द्यायच्या. आज आला नाही. रझियाने दोनदा दार उघडून पाहिलं.

आतल्या खोलीत कमिटीच्या अजून एकाही माणसाने पाऊल ठेवलेलं नाही. विक्रम आले, बाहेरच्या दारात उभं राहून नाक वर केलं, "मला तर कसला वास येत नाही, सर्दी झालीये" म्हणाले आणि गेले. तुम्ही तर तेवढेही आला नाहीत. एकतीस वर्षांपूर्वी तुम्ही गाळ्यावर पेरूची पहिली पाटी आणलीत. मी ती सगळ्यांदेखत उलटी केली आणि खालून लिंबाएवढे निघाले. यार्ड हसलं. दुसरा कुणी असता तर पुन्हा माझ्या गाळ्यावर फिरकला नसता. तुम्ही दुसऱ्या दिवशी आलात, पाटी स्वतःच्या हाताने उलटी केलीत आणि म्हणालात, "बगा आता." त्या दिवसापासून मी तुमचा माल कधी तपासला नाही.

म्हणून विचारतो, काय बिनसलंय?

रझिया दुपारीसुद्धा उशीला टेकून बसूनच डोळे मिटते. मी पेपर वाचतोय असं दाखवतो आणि तिचे श्वास ऐकतो. एखादा लांबला की पान उलटायचं राहून जातं.

इम्तियाज


मांजरी
२८ डिसेंबर

इम्तियाजशेठ, रामराम.

ते पत्र मी वाचलं न्हाई, नुसती सही मारली. पाण्याचं विक्रमनं काय लिवलंय ते सूनबाईनं, तेजस्विनीनं, वाचून दावलं तवा जेवण गेलं न्हाई. माफी असावी.

यायचं रोज ठरवतो. गुडघा धरलाय, आईचं बरं नसतं, पाव्हणे येत्यात. असं एकेक निघतंय. येतो.

तवर एवढं करा. भाभींची खाट खिडकीखालच्या कोपऱ्यातनं काढा, दाराकडं घ्या. मागच्या भितीला कपाट असंल तर वीतभर फुडं वढा. कोपऱ्यात चुनखडी अन् जाडं मीठ ठेवा, पाणी धरतं. अन् घाबरू नका. संक्रांत झाली की आपोआप वाळंल, लिहून ठेवा.

गूळ पाठवलाय. नवा हाय.

तुमचा,
संपत


फ्लॅट नं. ३
२४ जानेवारी २०२५

संपतराव,

तुम्ही शेतकरी की ज्योतिषी? ११ जानेवारीपासून रेघ जागची हललेली नाही. संक्रांत झाली आणि भिंत खरंच वाळली. हात लावला तर पांढरी पूड येते. रझिया परवा फाटकापर्यंत चालत गेली, परत आली आणि म्हणाली, "इतक्यात आले?" हे वाक्य तिच्या तोंडून मी दोन महिने ऐकलं नव्हतं.

मीठ-चुनखडीचे उपकार मानावेत की तुमचे, कळत नाही. कपाट हलवलं, खाट हलवली, सगळं तुम्ही लिहिल्याप्रमाणे. गूळ संपला.

तरी मला पुरतं बरं वाटत नाही. वाळलेली बुरशी मेलेली नसते, हे मी स्वतः अर्ध्या यार्डाला शिकवलेलं आहे. आमचा आफताब म्हणतो, "अब्बा, माझ्याकडे हडपसरला या." त्याच्या दोन खोल्यांत पाच माणसं, चौथा मजला, लिफ्ट नाही. रझियाला तिथे चढवायचं तर डोक्यावरून न्यावं लागेल. म्हणजे जे काही आहे ते हेच घर.

कमिटीने मात्र वहीत "तक्रार निकाली" असा शेरा मारला आहे. शाईचं पॅड नवीन आणलं वाटतं.

या एकदा. चहा पाजतो, भिंत दाखवतो.

इम्तियाज


फ्लॅट नं. ३
१७ मार्च २०२५

मा. अध्यक्ष,

४ मार्चला भिंतीला पुन्हा घाम फुटला. बाहेर ऊन असं, की वॉचमन डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसतो. पाच दिवसांत रेघ छाती ओलांडून गळ्याला आली.

९ तारखेला रझियाला हडपसरला दवाखान्यात ठेवावं लागलं. चार दिवस नाकाला नळी. सोडताना डॉक्टर म्हणाले, "त्या खोलीत अजिबात नको. पावसाळ्याआधी भिंतीचा बंदोबस्त करा नाहीतर घर सोडा. पुढचा झटका इथपर्यंत यायला वेळ देईलच असं नाही." हे ते फार सभ्य आवाजात म्हणाले. मी "बरं" म्हणालो, जणू त्यांनी पथ्य सांगितलं. आता ती हॉलमध्ये असते आणि आतल्या खोलीच्या दाराला आम्ही चादर कोंबून ठेवतो. आत जनावर कोंडल्यासारखं.

दवाखान्याच्या बाकावर मला काम नव्हतं. तुमचं २८ डिसेंबरचं पत्र खिशात सापडलं. सोबतीला वाचलं. मग परत वाचलं.

संपतराव, कोणती भिंत हे मी तुम्हाला कधी लिहिलंच नव्हतं. "आतली खोली" एवढंच लिहिलं. विक्रम आत आले नाहीत, तुम्ही आला नाहीत. मग खिडकीखालचा कोपरा तुम्हाला कुणी सांगितला? मागची भिंत कुणी सांगितली? आणि संक्रांतीला वाळेल हे?

आणखी एक आठवलं. आम्ही राहायला आलो त्या दिवशी तुम्ही घर बघायला आलात. सगळं घर चपला हातात घेऊन फिरलात, आतल्या खोलीत मात्र टोपी काढलीत, वाकलात आणि फरशीला हात लावून कपाळाला लावलात. मला भरून आलं होतं. मी रझियाला म्हणालो, "बघ, काय माणूस आहे. मुसलमानाच्या घरालाही देवळासारखा नमस्कार करतो." साडेपाच वर्षं मी ही गोष्ट लोकांना सांगतोय. यार्डात सांगितली, सोयऱ्यांत सांगितली. तो नमस्कार माझ्या घराला नव्हता, होय ना?

मला काहीतरी ठाऊक नाही आणि तुम्हाला ते ठाऊक आहे. पाटी तुमच्या हातात आहे. या वेळी मी उलटी करणार नाही.

इ. बागवान


फ्लॅट नं. ३
२ एप्रिल

संपतभाऊ,

हे पत्र यांना माहीत नाही. श्यामलाबाई तुम्हाला आणून देतील. त्या बोलायला लागल्या आहेत. दवाखान्यात आमटीचा डबा घेऊन आल्या होत्या, वर मूठभर कढीपत्ता. म्हणाल्या, "बाथरूम फोडलं त्यांनी, मी तुझ्यावर कशाला रागावले?"

यांनी तुम्हाला काय विचारलंय ते मी वाचलं. पंधरा दिवस झाले, तुमचं उत्तर नाही. हे रोज वॉचमनची वही उघडून बघतात.

भाऊ, मला डिसेंबरपासून ठाऊक आहे.

मागच्या बोळात मी कपडे वाळत घालते. तुमच्या आई दर मंगळवारी तिथे यायच्या. आमच्या खिडकीखाली बाहेरच्या भिंतीला एक भोक होतं, मूठभर, आत पाइपाचं तोंड. त्याला त्या हळद लावायच्या, कधी भाकरीचा तुकडा ठेवायच्या. मी विचारलं नाही, प्रत्येकाचं काही ना काही असतं. दिवाळीआधी रंगवाल्यांनी ते भोक गिलाव्यात बुजवलं. नंतर आई आल्या त्या नुसत्या गुळगुळीत भिंतीवर हात फिरवत राहिल्या. कितीतरी मंगळवार तसंच. शेवटी मी बाहेर जाऊन विचारलं, "काय शोधताय?" म्हणाल्या, "पोरी, खाली माझी विहीर हाय गं. तिचं नाक बुजवलं कुणीतरी."

मग सगळं सांगितलं. वर माझ्याकडून वचन घेतलं, "माझ्या लेकाला धरतील, कुणाला सांगू नगंस." मी नाही सांगितलं. यांनाही नाही. हे एकदा पाटी उलटी करायला लागले की थांबत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. मला वाटलं, तुम्ही स्वतःच बोलाल. मग भिंत वाळली, वाटलं टळलं. माझाही मूर्खपणाच.

आता दाराला चादर लावली तरी वास येतो. तुमच्या आईंच्या विहिरीचा राग नाही माझा. पण मला श्वास पाहिजे भाऊ, आणि यांना दोस्त पाहिजे. एकतीस वर्षांत यांनी दुसरा केला नाही. दोन्हीतलं एक निवडायला लावू नका.

रझिया


मांजरी
६ एप्रिल

इम्तियाजशेठ,

पाटी उलटी करतो.

तुमच्या आतल्या खोलीखाली आमची विहीर हाय. आज्याच्या हातची, दगडी बांधणीची. आमच्या घरच्या बाळंतिणी तिची पूजा करून मगच उंबऱ्याभाईर पडायच्या. आई त्या घरात आली तवा पयली घागर तिनं तिथनं भरली.

बिल्डर म्हणाला, विहीर कागदावर दिसली तर इमारत मागं सरकवावी लागंल, चार फ्लॅट जातील, त्यातला एक तुमचा. सातबाऱ्यावर नोंद व्हती, ती निघाली. कशी निघाली ते इचारू नका. मी सही दिली की इथं विहीर न्हाई. मग ती दगड-मुरमानं भरली.

आईनं तीन दिवस अन्न घेतलं न्हाई. म्हणाली, जिवंत विहीर बुजवायची न्हाई, तिला नाक ठेव, न्हाईतर ती दुसरीकडनं श्वास काढंल. मला ते म्हातारीचं येड वाटलं. पण जेवंना म्हणून गेनबा गवंड्याला धरलं. त्यानं रातीतनं न्हवं, भर दुपारी, बिल्डरच्या माणसाला जेवायला धाडून विहिरीत चार इंची पाइप उभा केला अन् मागच्या भितीतनं भाईर तोंड काढलं. झालं. आई जेवली.

कालव्याला पाणी सुटलं की पाझरानं ती भरती. पाणी बंद झालं की उतरती. तुमच्या तारखा वाचल्या अन् मला घाम फुटला. नोव्हेंबरात सुटलं, संक्रांतीच्या आधी बंद झालं, मार्चात परत सुटलं. तुमच्या भितीवर कालव्याचं वेळापत्रक लिवलंय, शेठ. इतकी वर्सं ती पाइपातनं भाईर श्वास काढायची, जास्तीचं पाणी गटारात जायचं, कुणाला पत्ता न्हवता. दिवाळीला ते तोंड बुजवलं. रंगाच्या ठरावावर अध्यक्ष म्हणून सही माझी. भोक ऱ्हाऊ द्या म्हणालो असतो तर कशाचं भोक, ते सांगावं लागलं असतं. न्हाई म्हणालो.

नमस्कार विहिरीला केला व्हता. तुमच्या घराला बी केला व्हता, पर ते नंतर. खोटं सांगत न्हाई.

आलो न्हाई कारण त्या खोलीत मला उभं ऱ्हावत न्हाई.

वीस तारखेला सर्वसाधारण सभा हाय. तिथं उभा ऱ्हाऊन समद्यांदेखत सांगतो. फुडं तुम्ही ठरवाल ते. पोलिसात जा, मी संगं येतो.

संपत


फ्लॅट नं. ३
२९ एप्रिल २०२५

संपतराव,

हे पत्र तुमच्या लेकीच्या पत्त्यावर बारामतीला पाठवतोय. तुम्ही सभेत उभे राहिलात, सगळं सांगितलंत, राजीनामा टेबलावर ठेवलात आणि कुणाकडे न बघता बाहेर पडलात. दुसऱ्या दिवशी कळलं, तुम्ही गाव सोडलं. पुढचा तमाशा चुकला तुमचा, म्हणून कळवतो.

मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, चला, भिंत बघू. पहिला प्रश्न आला, "फ्लॅटचे रेट पडतील का?" मग विक्रम म्हणाले, की कागदावर विहीर नाही, तेव्हा ती आहे असं म्हणणं हीच संस्थेची बदनामी आहे. मी म्हणालो, "मागचा गिलावा हातभर फोडा, पाइप दिसेल." ते म्हणाले, "गिलावा फोडला तर रंगाची वॉरंटी जाईल." शेवटी ठराव झाला. हाताने लिहून घेतला आहे, शब्द न शब्द: "सदर इमारतीखाली विहीर नाही, असे सर्वानुमते ठरले." विरोधात फक्त श्यामलाबाईंचा आणि माझा हात होता. आम्ही बहुतेक सर्वांत मोडत नाही.

संपतराव, पस्तीस वर्षं मी माल बघून भाव ठरवला. भाव बघून माल ठरवणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली.

मी तुमच्यावर भडकलेलो होतो. अजून आहे. तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस रझियाशी बोललो नाही, कारण तिलाही ठाऊक होतं आणि तिने ते छातीत ठेवलं. त्याच छातीत. मग ती खोकायला लागली आणि माझं भांडण मला परवडेना.

काल सकाळी मागच्या बोळातून ठणठण आवाज आला. खिडकी उघडली. तुमच्या आई. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, डोक्यावर पदर, हातात खलबत्त्याचा लोखंडी बत्ता. पिस्ता रंगावर मारत होती. बरोबर त्या जागी, एक घाव इकडे नाही की तिकडे नाही. तेजस्विनी शेजारी डोक्याला हात लावून उभी. मी धावत गेलो, "आई, द्या इकडे," म्हणालो. त्या म्हणाल्या, "तू बाजूला हो. तुला नोटीस देतील." विक्रम वरून ओरडले, "आजी, परमिशन नाहीये!" आईंनी मान वर केली, इमारतीच्या पाटीकडे बत्ता दाखवला आणि म्हणाल्या, "ते नाव कुणाचं हाय रं? वाच की."

विक्रमनी खिडकी लावून घेतली.

गिलावा पडला. पाइपाचं तोंड दिसलं. आधी काहीच झालं नाही. मग आतून गार हवा आली, संपतराव. एप्रिलच्या उन्हात अशी गार, की माझ्या हातावर काटा आला. मागून दोन-तीन तांबे पाणी गटारात सांडलं आणि थांबलं. रझिया खिडकीत उभी होती. आईंनी पदराच्या गाठीतली हळद काढून लावली आणि मला म्हणाल्या, "तुझ्या बायकोला सांग, आता विहीर हिच्या वाटचा श्वास घेणार न्हाई."

आज भिंत थोडी फिकी वाटते. पण कालवा सध्या बंद आहे, म्हणजे परीक्षा अजून व्हायची आहे. बुरशी खरवडून मी चुना मारला आहे. शेवटची रेघ मात्र पुसली नाही, गळ्याशी आहे तशी ठेवली. डॉक्टरांनी दिलेली मुदत सव्वा महिन्यावर आली. पाण्याने पुन्हा भिंत धरली, तर घर सोडावं लागेल आणि कुठे जायचं हे मला माहीत नाही. दिवसातून दहा वेळा मी जाऊन भिंतीला हात लावतो. काल गाल लावून पाहिला. रझिया म्हणाली, "माझ्या कपाळाला कधी असा हात लावला नाहीत."

मला एकच माहिती हवी आहे आणि ती तुमच्याखेरीज कुणाकडे नाही. कालव्याला पुढचं पाणी कधी सुटतंय? तेवढं कळवा. या वेळी तारीख आधी लिहून ठेवतो.

इम्तियाज


बारामती
३ मे

इम्तियाजशेठ, रामराम.

कालव्यावरच्या माणसाला इचारलं. मंगळवारी, सहा तारखेला सकाळी सुटतंय. आपल्याकडं पोचायला दुपार, विहीर भरायला दोन-तीन दिवस. आठ दिवसांत काय ते कळंल.

मी सोमवारी येतो. ते आठ दिवस तुमच्या आतल्या खोलीत मी ऱ्हातो. खाट खिडकीखालच्या कोपऱ्यात लावा, होती तिथंच. भाभींना वर आमच्यात आईपाशी पाठवा, लिफ्ट चालू हाय का तेवढं बघून. ओल आली तर पयली माझ्या छातीत जाऊ दे. अन् भीत धरलीच पाण्यानं, तर आमचा वरचा फ्लॅट तुमचा अन् हा आमचा. आईला इचारलंय. ती म्हणती, मला काय, मी तर खालीच ऱ्हायला बघती.

तुम्ही माझ्याशी बोलू नका, राग हाय तवर. च्या तेवढा आत सरकवा.

रेघ मी मारीन. तारीख तुम्ही टाका. पेन्सिल उशाशी ठेवा.

संपत